उतारशाळेतील जागा: गोव्यातील एका नाताळचे प्रकरण

हे प्रकरण डिसेंबर २०२३ मध्ये बार्देश तालुक्यातील किनाऱ्याजवळच्या एका गावात घडले. म्हापसा परिसरातील मराठी बोलणाऱ्या कुटुंबांसाठी मी स्वयंसेवी समुपदेशनाचे काम करते. संबंधित बाईंची संमती घेऊनच हे टिपण लिहिले आहे, आणि त्यांची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव व घरातील काही खुणा गाळल्या आहेत. त्यांचा उल्लेख येथे केवळ ‘बाई’ असा केला आहे.

बाई मूळच्या वसईच्या. माहेरी घरात कादोडी ही वसईची बोली, शाळेत मराठी आणि चर्चमध्येही मराठी अशा वातावरणात त्या वाढल्या आणि सोळा वर्षांपूर्वी लग्न होऊन गोव्यात आल्या. पती तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्यांचे गेस्ट हाऊस असून ते पूर्णपणे बाईच सांभाळतात. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. पतीचे कंत्राट एरवी नोव्हेंबरपर्यंत संपत असे आणि नाताळला ते घरी असत. त्या वर्षी जहाज ऑक्टोबरमध्येच मिळाले आणि ते निघून गेले. आणखी एक गोष्ट घडली होती, जी बाईंनी पहिल्या भेटीत सांगितली नाही आणि मीही विचारली नाही: ऑगस्टमध्ये वसईला त्यांची आई वारली होती.

गोव्यात नाताळची घाई २४ डिसेंबरला सुरू होत नाही. २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, ३ डिसेंबरला त्याचेच, म्हणजे गोव्याच्या ‘सायबा’चे फेस्त (सण), ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त, १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची सुट्टी, आणि त्या सुट्टीच्या आगेमागे बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडून येणाऱ्या गाड्या. त्यानंतर नाताळ आणि लगोलग एकतीस डिसेंबर. गेस्ट हाऊस चालवणाऱ्या ख्रिस्ती घरावर या काळात दोन हंगाम एकाच वेळी येतात, एक भक्तीचा आणि एक धंद्याचा, आणि दोन्ही एकाच बाईच्या दोन हातांवर येतात. वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा या बारा-पंधरा दिवसांत मिळतो, त्यामुळे ‘एखादी खोली बंद ठेवा’ हा बाहेरच्या माणसाला सुचणारा पहिला सल्ला मुळातच निकामी असतो. तो सल्ला मीही दिला, हे येथे नोंदवून ठेवते. खोल्या २२ डिसेंबरपासून २ जानेवारीपर्यंत आगाऊ पैसे घेऊन दिलेल्या होत्या.

बाई माझ्याकडे ६ डिसेंबरला आल्या तेव्हा रात्री तीननंतर झोप न लागणे, जिना चढताना छातीत धडधडणे आणि मुलांवर क्षुल्लक कारणावरून ओरडणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. धडधडीसाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवले, कारण प्रार्थनेने बरे वाटेल या आशेवर हृदयाची तपासणी पुढे ढकलणे हा श्रद्धेचा नव्हे तर आळसाचा प्रकार आहे असे माझे मत आहे. हृदयाचा आलेख ठीक निघाला. रक्तदाब किंचित वाढलेला होता आणि डॉक्टरांनी झोपेवर भर द्यायला सांगितले.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील चौथ्या अध्यायातले, कशाचीही चिंता न करण्याविषयीचे वचन मी त्यांना दिले आणि ते रोज सकाळी वाचायला सांगितले. काही दिवसांतच त्या अधिकच खचून आल्या. चिंता करू नका असे देव सांगतो आणि मी तर दिवसभर चिंताच करते, म्हणजे माझी श्रद्धाच कमी आहे, असा हिशेब त्यांनी मांडला होता. त्याची भरपाई म्हणून त्यांनी रोजच्या रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) आणखी एका रोझरीची भर घातली होती, शिवाय एक नव्हेना सुरू केली होती, आणि या सगळ्यासाठी पहाटे साडेचारचा गजर लावला होता. डॉक्टरांनी वाढवायला सांगितलेली झोप माझ्या सल्ल्याने कमी झाली. भाविक माणसाला तणावात दिलेले वचन औषधासारखे कामी येते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा आणखी एक काम होऊन बसते.

मी त्यांना त्यांच्या पॅरिशच्या फादरांना भेटायला सांगितले आणि या प्रकरणाला खरे वळण तेथे मिळाले. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळात, पापनिवेदनाला मोठी रांग असते, म्हणून फादरांनी त्यांना वेगळी वेळ दिली. बाईंनी कोकणीत सुरुवात केली आणि चार वाक्यांतच त्या अडखळल्या; तेव्हा फादरांनी त्यांना मराठीत बोलायला सांगितले. सोळा वर्षांत आपण पहिल्यांदाच मराठीत पापनिवेदन केले, असे बाईंनी मला नंतर सांगितले. सासरी प्रार्थना कोकणीत, प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीत, रोझरी माई म्हणणार आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, अशी त्या घराची रीत. बाईंना कोकणी उत्तम येते, घरातली सगळी भांडणे त्या कोकणीतच करतात. परंतु देवाशी एकांतात बोलायची त्यांची भाषा मात्र नकळत बंद पडली होती. फादरांनी त्यांना गमतीने सांगितले की, ख्रिस्ताची कथा मराठीत सांगायला गोव्याला कसला संकोच, सासष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण ओवीबद्ध केले आणि ते १६१६ साली राशोलला छापले गेले, तेव्हा त्याची भाषा मराठीच होती.

वचनाबाबत फादरांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. प्रेषित पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिले, म्हणजे चिंतेचे सबळ कारण असलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. आणि त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग असा आहे की, आपली मागणी देवाला कळवा. न वाटण्याची आज्ञा तेथे नाही. जे वाटते ते कुठे नेऊन ठेवायचे, एवढेच सांगितले आहे. वाढवलेली नव्हेना त्यांनी बंद करायला लावली. तिच्याऐवजी संत इग्नेशियस यांनी आपल्या अनुयायांना घालून दिलेले रात्रीचे परीक्षण करायला सांगितले, तेही जास्तीत जास्त दहा मिनिटे. इग्नेशियस हे झेवियर यांचे पॅरिसमधील सोबती, त्यामुळे गोव्यातल्या घराला ही पद्धत परकी वाटायचे कारण नव्हते. दिवसाबद्दल आधी आभार मानायचे, मग देवासमोर दिवस पुन्हा एकदा चालून पाहायचा, जेथे चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एखादी छोटीच गोष्ट ठरवायची, असे ते थोडक्यात आहे.

बाईंनी त्यासाठी वेगळी वही केली नाही. गेस्ट हाऊसच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर त्या मराठीत दोन-तीन ओळी लिहू लागल्या. पुढच्या पानांवर पाहुण्यांची नावे, आगाऊ रक्कम, परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म चोवीस तासांत भरल्याची खूण. मागच्या पानांवर हे. त्यांच्या परवानगीने काही नोंदी देते. १४ डिसेंबर: ‘आभार, सकाळी पोई गरम मिळाली. धाकट्यावर ओरडले, गॅसच्या लायटरवरून. लायटर मीच शेल्फवर ठेवला होता.’ १५ डिसेंबर: ‘माईंनी यादी तिसऱ्यांदा वाचून दाखवली. गप्प बसले पण आत जळत होते. उद्या यादीबद्दल बोलायचे.’ १६ डिसेंबर: ‘बोलले नाही.’

ही यादी म्हणजे नाताळच्या गोडधोडाचे ताट, ज्याला गोव्यात कोन्सुआद म्हणतात, ते कोणाकोणाच्या घरी पाठवायचे त्याची यादी. त्यात एकोणीस घरे होती. नेवऱ्यो, दोदोल, कुलकुल, बाथ, बिबिंक आणि दोश, सगळे घरी केलेले, विणलेल्या रुमालाखाली झाकून, २५ तारखेच्या दुपारपर्यंत पोहोचते झाले पाहिजे, असा माईंचा दंडक. दोदोल घोटायला बसले की माडाचा गूळ आणि नारळाचा रस आटून कायलीच्या कडा सोडेपर्यंत काही तास हात थांबवता येत नाही, आणि बिबिंकेचा एक थर भाजला गेल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. हे काम खोल्या भरलेल्या असताना करायचे म्हणजे रात्रीच करायचे.

याच आठवड्यात नऊ वर्षांच्या मुलाला धर्मशिक्षण वर्गाच्या नाताळच्या नाटुकल्यात, येशूच्या जन्मावेळी मरिया-योसेफांना जागा नाकारणाऱ्या उतारशाळेच्या (धर्मशाळेच्या) मालकाचे काम मिळाले. त्याला एकच वाक्य होते, ‘जागो ना!’, आणि त्याचा सराव तो घरभर करत असे. बाई फोनवर खोली मागणाऱ्यांना नकार देत असताना मागून हाच घोष चाले. हसण्यासारखी गोष्ट, पण १७ तारखेच्या नोंदीत बाईंनी लिहिले: ‘मी तीच आहे. त्याला जागा नाही म्हणणारी.’ आगमनाचा तिसरा रविवार, चर्चमध्ये गुलाबी मेणबत्ती लागलेली, आनंद करा असे सांगणारा दिवस, आणि त्या दिवशीची ही ओळ. ती वाचून मी चपापले. हंगामाचा ताण माणूस असा लिहीत नाही.

त्यांनी ही ओळ फादरांनाही सांगितली. त्यावर फादरांनी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून दाखवला आणि उतारशाळेचा मालक शोधायला सांगितले. तो सापडत नाही, कारण तेथे असे पात्रच नाही. नाटुकल्यांनी त्याला जन्म दिला आहे. जागा नव्हती एवढेच लूक सांगतो, आणि त्या जागेसाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द पुढे बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी पुन्हा येतो, तर शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील पैसे घेऊन माणसे ठेवणाऱ्या उतारशाळेसाठी त्याने वेगळाच शब्द योजला आहे. म्हणजे ती बहुधा एखाद्या घरातली पाहुण्यांची, आधीच भरून गेलेली खोली असावी. बाई मला म्हणाल्या, “कोणी हाकलले नव्हते, घर भरले होते एवढेच, हे ऐकून मला तिथेच रडू आले.” आणि मग त्यांनी आईबद्दल सांगितले.

गोव्यात दुःख असलेल्या घरात नाताळचे गोडधोड करत नाहीत, नक्षत्र (ताऱ्याचा आकाशकंदील) लावत नाहीत. शेजारीपाजारी त्या घरी ताट पाठवतात. परंतु मृत्यू बाईंच्या माहेरी झाला होता. सासरच्या हिशेबात हे घर दुःखाचे नव्हते, त्यामुळे नक्षत्र लागले, यादी निघाली, आणि कोणीही काही चुकीचे केले नाही. बाईंनीही काही म्हटले नाही. अंत्यविधीला वसईला जाऊन त्या चौथ्या दिवशी परतल्या होत्या, कारण खोल्यांचे रंगकाम चालू होते. नोंदवहीच्या मागची पाने मी नंतर पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले की, राग पाहुण्यांवर फार थोड्या वेळा आलेला होता. बहुतेक वेळा तो गोडधोडावर, यादीवर, नक्षत्राच्या वायरवर आला होता. मी ज्याला कामाचा ताण समजत होते, ते पुष्कळ अंशी शोक करायला जागा न मिळणे होते.

फादरांनी येथे शांत राहण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी तेरावे स्तोत्र दिले, ज्याची सुरुवातच परमेश्वराला कोठवर असा जाब विचारून होते, आणि आगमनकाळ हा मुळात वाट पाहण्याचा, जांभळ्या वस्त्रांचा काळ आहे, त्यात रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीतही म्हणत नाहीत, याची आठवण करून दिली. बाजारात नाताळ नोव्हेंबरमध्येच लागतो. चर्चच्या पंचांगात तो २५ डिसेंबरला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तरी चालतोच. शोकाला चर्च २४ तारखेपर्यंत जागा देते आणि सणाला त्यानंतर, असा याचा सरळ अर्थ बाईंनी काढला, आणि तो मला तरी अचूक वाटतो.

त्यातून एक अगदी व्यावहारिक निर्णय निघाला. नाताळ ६ जानेवारीपर्यंत असेल तर एकोणीस ताटे २५ तारखेलाच का जायला हवीत? बाईंनी यादीतून सात घरे निवडली: आजारी आणि एकटी राहणारी माणसे, आणि चतुर्थीला न चुकता ताट पाठवणारी दोन हिंदू घरे. उरलेल्या बारा घरांना तीन राजांपर्यंत केव्हाही. बिबिंक गावातल्याच एका बाईंकडून विकत आणायची. दोदोल २५ नंतर. शिवाय परीक्षण लिहिताना सकाळी अकरा ते तीन ही वेळ रोज बिघडते असे दिसून आले होते, कारण जुने पाहुणे निघण्याची, खोली झाडण्याची आणि नवे येण्याची वेळ तीच. त्या वेळेपुरती दहा दिवसांसाठी शेजारची एक बाई मदतीला ठेवली. माईंना यातले काहीही पटले नाही. विकतची बिबिंक या घरातून कधी गेली नाही, असे त्यांनी ऐकवले आणि दोन दिवस अबोला धरला.

त्या वर्षी आगमनकाळ होता होईल तितका आखूड होता. ३ डिसेंबरला पहिला रविवार, आणि नाताळ सोमवारी, त्यामुळे चौथा रविवार २४ तारखेलाच आला. चौथी मेणबत्ती सकाळी लागली आणि रात्री नाताळ. त्या रविवारची पहिली मिस्सा बाईंनी आईच्या आत्म्यासाठी लावली होती. मिस्सेच्या आरंभी आईचे नाव वाचले गेले. माईंना याची कल्पना नव्हती. घरी येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरात नेवऱ्यांच्या डब्याचे झाकण लावता लावता त्यांनी विचारले, “तुज्या आवयक कितें आवडटालें?” (तुझ्या आईला काय आवडायचे?) बाईंनी सांगितले, फुगे. वसईला नाताळात तळून करतात ते. पुढे काही बोलणे झाले नाही.

रात्रीची मिस्सा चर्चच्या पटांगणात होती. मध्यरात्रीची म्हणतात, पण अनेक ठिकाणी ती आता लवकरच सुरू होते. बाईंनी फोन घरी ठेवला, आठ वर्षांत पहिल्यांदाच. तीन आठवडे न ऐकलेली ग्लोरिया सुरू झाली, घंटा वाजल्या, आणि पृथ्वीवर शांती हे शब्द कोकणीत चालू असताना आपण ते मनात मराठीत म्हणत होतो, असे त्यांनी सांगितले. धडधड थांबली का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ते पाहायचे राहूनच गेले.

याची किंमतही मोजावी लागली. त्याच दीड तासात खोली क्रमांक तीनमधील गीझर बंद पडला, पाहुण्यांनी अकरा वेळा फोन केला, आणि २६ तारखेला गेस्ट हाऊसच्या पानावर दोन ताऱ्यांचा शेरा पडला: मालकीण उपलब्ध नसते. हंगामात असा शेरा म्हणजे पुढच्या वर्षीचे काही दिवस रिकामे. बाईंनी त्याला एका ओळीचे उत्तर लिहिले की, त्या वेळी आपण चर्चमध्ये होतो आणि झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सुधारणा सरळ रेषेत झाली असेही नाही. २९ तारखेला पाण्याची मोटर जळली, टँकर संध्याकाळपर्यंत आला नाही, एका पाहुण्याने अंगणात उभे राहून आवाज चढवला आणि बाईंनी तो सगळा राग मुलीवर काढला. २९ आणि ३० या दोन दिवसांची मागची पाने कोरी आहेत. ३१ तारखेची नोंद एवढीच: ‘मुलीची माफी मागितली. देवाची नंतर.’ हा क्रम मला योग्य वाटतो.

मधल्या काळात २८ तारखेला आणखी एक गोष्ट घडली होती. माई सकाळीच स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या आणि फुगे कसे करतात ते दाखव म्हणाल्या. पहिला घाणा कच्चा निघाला, कारण बोलता बोलता पीठ पुरेसे फुगू दिले नव्हते. दुसरा जमला. दोदोलसाठी कायलीत कालथा धरायला त्या दिवशी माई स्वतः बसल्या, आणि उरलेल्या ताटांत दोदोलशेजारी एकेक फुगा गेला. कोणा शेजाऱ्याने विचारलेच तर माई सांगत, सुनेच्या आईचे आहे.

यात श्रद्धेचा वाटा किती आणि दहा दिवस ठेवलेल्या मदतनिसाचा किती, हे वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही. इतके मात्र दिसते की, मदतनीस ठेवण्याइतपत दिवसाकडे पाहण्याची सवय त्या रात्रीच्या दहा मिनिटांनी लावली, आणि आईचे नाव मोठ्याने उच्चारले जाण्याची जागा मिस्सेने दिली. हे काम माझ्या खोलीत, माझ्या प्रश्नांनी झाले नव्हते. जेथे श्रद्धा सण पार पाडण्याचे बळ म्हणून वापरली गेली तेथे तिने बाईंना आणखी थकवले. अशाच स्थितीतला माणूस पुढच्या वेळी आला, तर मी वचन देण्याआधी या वर्षी घरात किंवा माहेरी कोणी गेले आहे का, हे विचारीन.

६ जानेवारीला बाई मुलांना घेऊन रेईश मागूशला गेल्या. तेथे तीन मुले राजे होतात आणि मिरवतात. त्यांच्या मुलाला पुढच्या वर्षी मालकाऐवजी राजा व्हायचे आहे. त्या रात्रीची नोंद मागच्या पानांवरची शेवटची आहे: ‘शेवटचे ताट पोहोचले. गीझर दुरुस्त. माईंनी आईच्या नावाने आणखी एक मिस्सा लावली, मला न सांगता. झोप सहा तास.’